वय झालं की मऊ पेजच का? पोटातले जिवाणू आणि म्हातारपणीचं ताट

कुळागर

घरातल्या माणसाने सत्तर ओलांडली की त्याचं ताट आक्रसत जातं. दात नाहीत म्हणून भाकरी बंद. गॅस होतो म्हणून अळसांदे (चवळी) आणि वाल बंद. 'जड पडते' म्हणून तांबडी भाजी (लाल माठ) बंद. मग उरते पेज, सोललेल्या मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, चहात बुडवलेला पाव आणि दिवसभराची बिस्किटं. हे सगळं मायेपोटीच होतं, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला त्यातून जवळजवळ काही येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांवरून ढोबळ हिशोब केला. १२० ग्रॅम पांढऱ्या तांदळातून तंतू (फायबर) साधारण साडेतीन ग्रॅम, ३० ग्रॅम सोललेल्या मुगातून तीनच्या आत, पावातून एक-दीड, बटाट्यातून पावणेदोन. एकूण जेमतेम १०. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज निदान २५ ग्रॅम तंतू घ्यायला सांगते.

जाणकारांना दोन प्रश्न. निरोगी म्हातारपण आणि पोटातले जिवाणू यांचा संबंध खरोखर किती पक्का आहे? आणि ताट मऊ ठेवूनच ते २५ पर्यंत कसं न्यायचं? दात नसलेल्या माणसाला "सॅलड खा" सांगून उपयोग नाही, तेव्हा आपल्या गोव्याकडच्या जिनसांतूनच सांगावं.

तिरफळ

चहा-बिस्किटांबद्दल शंभर टक्के सहमत. आजारी माणसाला भेटायला जातानाही बिस्किटांचाच पुडा नेतात. केळी न्या!

सूक्ष्मदर्शी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं विस्ताराने देतो.

आपल्याला न पचलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून तीन मुख्य आम्लं तयार होतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट फार महत्त्वाचं, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच मिळवतात. ते बनवणाऱ्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला जिवाणू म्हणजे फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी. अशक्त, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांत तो बऱ्याचदा कमी झालेला दिसतो.

आता तंतू कमी पडले तर काय होतं? अस्तरावर श्लेष्माचा जाड थर असतो, तो जिवाणूंना पेशींपासून लांब ठेवतो. २०१६ साली माणसाच्या आतड्यातल्या १४ जातींचे जिवाणू उंदरांत वसवून त्यांना तंतूविरहित आहार दिला गेला. त्या जिवाणूंनी श्लेष्माच खायला सुरुवात केली आणि थर पातळ झाला. थर पातळ झाला की जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती कायम डिवचलेली राहते. वयाबरोबर वाढणाऱ्या या धुमसत्या दाहाला क्लाउडिओ फ्रान्सेस्की यांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. स्नायू झिजणं, धमन्या कडक होणं, इन्सुलिनला दाद न देणं या सगळ्यांशी हा दाह जोडलेला आहे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचं २०१७ चं काम मला यात सर्वांत बोलकं वाटतं. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये वय वाढूनही हा दाह वाढला नाही. मात्र म्हाताऱ्या उंदरांचे जिवाणू त्यांच्यात घातल्यावर आतड्याची गळती आणि दाह तरुण उंदरांचे जिवाणू घातलेल्यांपेक्षा जास्त दिसला.

साष्टीकर

उंदीर ठीक आहेत, पण माणसांचं काय? आयर्लंडमधल्या कॉर्कचा २०१२ चा अभ्यास सगळे पुढे करतात. १७८ वृद्ध तपासले. दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या पोटातली विविधता घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी होती आणि तेच जास्त अशक्त होते. पण शुश्रूषागृहात जातो तो मुळातच आजारी माणूस. त्याला औषधं जास्त, चालणं कमी, जेवण एकसुरी. जिवाणू बदलल्यामुळे तो अशक्त झाला की अशक्त झाल्यामुळे जिवाणू बदलले? एकदा टिपलेल्या चित्रावरून हे ठरवता येत नाही.

सूक्ष्मदर्शी

@साष्टीकर, आक्षेप रास्त आहे. कॉर्कच्या अभ्यासात आहार आणि जिवाणू यांचा मेळ दिसला, कारण-परिणाम सिद्ध झाला नाही. म्हणूनच ज्यात प्रत्यक्ष काही बदलून पाहिलं, असे अभ्यास बघावेत.

युरोपातल्या पाच देशांत ६५ ते ७९ वयाच्या ६१२ जणांवर झालेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना वर्षभर भूमध्य समुद्राकाठचा आहार दिला: कडधान्यं, भाज्या, अख्खं धान्य, मासे, ऑलिव्ह तेल. ज्यांनी तो नेटाने पाळला त्यांच्यात काही ठरावीक जिवाणू वाढले. त्या वाढीबरोबर अशक्तपणाची लक्षणं कमी, आकलनाच्या चाचण्या बऱ्या आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसारखे दाहाचे निर्देशक कमी असं चित्र होतं. परिणाम माफक होते, पण दिशा स्पष्ट होती.

लंडनच्या किंग्ज कॉलेजने ६० वर्षांवरच्या ३६ जुळ्या जोड्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये आला. प्रत्येक जोडीतल्या एकाला १२ आठवडे इन्युलिन-वर्गातले तंतू दिले, दुसऱ्याला नुसती भुकटी. दोघांनाही प्रथिनांची पूड आणि व्यायाम होताच. तंतू घेणाऱ्यांची स्मरणशक्तीची चाचणी सुधारली. खुर्चीतून उठण्याचा वेग मात्र सुधारला नाही. ही दुसरी गोष्टही तेवढीच ठळकपणे सांगायला हवी, नाहीतर "जिवाणू वाढवा, पाय मजबूत होतील" असे संदेश फिरायला लागतात.

आयुष्य प्रत्यक्ष वाढल्याचा पुरावा मात्र अजून प्राण्यांपुरताच आहे. काही महिनेच जगणाऱ्या आफ्रिकन किलिफिशच्या मध्यमवयीन माशांना तरुण माशांचे जिवाणू दिले, तर ते जास्त जगले (२०१७). माणसाबाबत असा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नये.

शिंपले

पण दही खाऊन बल्गेरियातले लोक शंभर वर्षं जगत होते ना? हे तर शाळेत असल्यापासून ऐकतोय.

सूक्ष्मदर्शी

ही कल्पना एली मेच्निकॉफ यांची. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारा हा शास्त्रज्ञ, १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिक यांच्यासोबत प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी मिळालं. मोठ्या आतड्यात सडणाऱ्या पदार्थांमुळे म्हातारपण लवकर येतं आणि आंबट दुधातले जिवाणू ते रोखतात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः १९१६ मध्ये ७१ व्या वर्षी गेला. बल्गेरियातल्या शतायुषींच्या वयाच्या नोंदी कच्च्या होत्या आणि दह्याचे जिवाणू बहुतेकांच्या आतड्यात मुक्काम करत नाहीत. पण आतडं आणि म्हातारपण यांचा संबंध शंभर वर्षांपूर्वी त्याने ओळखला, याचं मोठं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

अळसांदे

आता ताटाकडे येऊ. वयस्कांच्या आहाराचं काम करताना मूळ चूक एकच दिसते: मऊ करायचं म्हणजे गाळायचं, असं धरून चालतात. घोटा, वाटा, मिक्सरमधून काढा. तंतू तसेच राहतात. गाळलंत की गेले.

सर्वांत मोठा बळी तिजानाचा (नाचणीच्या पेजेचा). नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून दूध काढतात आणि चोथा टाकून देतात. मागे राहतो तो मुख्यतः स्टार्च. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, त्यातला बराच भाग त्या चोथ्यात असतो. बाजारातल्या 'नाचणी सत्त्वा'चंही तेच. त्याऐवजी अख्ख्या नाचणीचं पीठ न चाळता घ्या. ४० ग्रॅम पीठ (चार सपाट मोठे चमचे) आधी १०० मिली गार पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग ३०० मिली उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर ८-१० मिनिटं ढवळा. कच्चट वास गेला की झालं. गूळ आणि नारळाचा रस घाला किंवा मधुमेह असेल तर मीठ-जिऱ्याचं करून, कोमट झाल्यावर ताक मिसळा. ताक उकळत्यात घातलं तर त्यातले जिवाणू मरतात आणि फाटतं ते वेगळंच.

अळसांदे ३० ग्रॅम (शिजून जेमतेम अर्धी वाटी). १०-१२ तास भिजवा, ते पाणी ओता, नवीन पाण्यात कुकरच्या ५-६ शिट्ट्या. बोटाने दाबल्यावर सालासकट चिरडलं पाहिजे. मग अर्धे दाणे पळीने घोटून तोंडाकाच्या (वाटण घातलेल्या रस्साभाजीच्या) रसात मिसळा. साल दिसतही नाही आणि कवळीखाली अडकतही नाही. सोडा घालू नका, त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

तांबडी भाजी: जाड देठांचे दोर काढा, पानं बारीक चिरा, कांदा आणि चून (खवलेला नारळ) घालून झाकण ठेवून शिजवा, उतरवताना पळीने घोटा. १०० ग्रॅममधून साडेचार ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या वर असतात, पण तेही चव (खवलेलं खोबरं) वाटून घातला तर. नुसता रस काढलात तर नाही.

बेरीज करून बघा. १५० ग्रॅम तांदूळ ४, नाचणी साडेचार, अख्खे मूग ३० ग्रॅम ५, अळसांदे साडेतीन, तांबडी भाजी साडेचार, वाटलेला नारळ ३० ग्रॅम ३, एक केळं दीड-दोन. झाले २६. यातला एकही पदार्थ चावावा लागत नाही.

तिरफळ

अळसांदेबाय, बरें सांगलें! चोथा टाकण्याचं ध्यानातच येत नाही कोणाच्या.

खाजन

तांदळाबद्दल सांगतो. पांढऱ्याऐवजी उकडा घ्यावा. भात सालीसकट उकडून वाळवताना दाण्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. कोंड्याचा लाल थर राखलेला असेल तर तंतू आणखी. खाजनातला (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतातला) कोरगुट तांदूळ मिळाला तर फारच उत्तम. पॉलिश केलेला उकडा आणि कमी घासलेला उकडा यांत खूप फरक असतो. दाण्यावर लालसर रेघा दिसल्या पाहिजेत. शिजायला वेळ लागतो म्हणून तीन-चार तास भिजवावा आणि पेजेला दाणा फुटेपर्यंत ठेवावा. पेज काही वाईट नाही. फक्त निवळ पिऊन शीत बाजूला सारलं तर उपयोग नाही.

पोदेरवाडा

मग रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाणं सगळ्यात उत्तम नाही का? शिळ्या भातात तो न पचणारा स्टार्च वाढतो असं वाचलं.

सूक्ष्मदर्शी

वाढतो, पण किती ते बघा. २०१५ च्या एका मोजणीत ताज्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला ०.६४ ग्रॅम होता. ४ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा गरम केल्यावर १.६५. म्हणजे वाटीभर भातामागे ग्रॅम-दीड ग्रॅमची कमाई. पाच चमचे अळसांदे त्याहून जास्त देतात.

उलट धोका खरा आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. आपल्या दमट हवेत भात भांड्यात कोमट राहिला तर ते रुजतात आणि उलटीचं विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. ऐंशीच्या माणसाला एक रात्र उलट्या म्हणजे शरीरातलं पाणी जाऊन थेट दवाखाना. भात थंड करायचाच असेल तर ताटात पसरून वाफ घालवा, तासाभरात फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत, एकदाच नीट वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात वयस्करांना नको.

पोदेरवाडा

पटलं. आता पावाचं सांगतो, कारण 'पोई (कोंड्याचा गोल पाव) खा' असा सल्ला सर्रास दिला जातो. पोईचं पीठ कोंड्यासकट असेल तरच तिचा फायदा. पुष्कळ ठिकाणी मैद्याचाच गोळा करून वरून कोंडा भुरभुरवतात. पोई फोडून आतली बाजू बघा: तपकिरी ठिपके आत असतील तर कोंडा पिठात आहे, नुसता वरच असेल तर तो हाताला लागून निघून जातो. सुरेवर (माडीवर) आंबवलेली पोई आता कमीच मिळते, रेंदेर (माडी काढणारे) कमी झाले आणि बहुतेक भट्ट्या यीस्ट वापरतात. कोणत्याही पद्धतीने आंबवा, भट्टीतून निघाल्यावर त्यात जिवंत काही राहत नाही. सान्नांचं आणि इडलीचंही तेच. हलकी पचतात, चव येते, त्यासाठी जरूर खावीत.

शिंपले

आणि सोलकढी? ती तर 'प्रोबायोटिक' म्हणून फिरते सगळीकडे.

अळसांदे

सोलकढी आंबवलेली नसते. नारळाचा रस आणि आमसुलाचं आंबटपण, बस्स. जेवणानंतर छान वाटते, प्यावी. फक्त आगळापासून (कोकमाच्या खारवलेल्या रसापासून) केली तर त्यातलं मीठ मोजा.

जिवंत जिवाणू हवे असतील तर घरचं दही आणि ताक सर्वांत सोपं. दूध उकळून ४०-४३ अंशांपर्यंत निवू द्या (करंगळी दहा सेकंद सहज बुडवता येईल इतकं), अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा विरजण, नीट मिसळून हलवू नका. उन्हाळ्यात पाच-सहा तास, श्रावणात आठ-दहा. जास्त गरम दुधात विरजण मरतं, गारात दही तारा धरतं. दुधाने पोट फुगणाऱ्या वृद्धांनाही दही बहुधा चालतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली साखर फोडायला मदत करतात. कढी केली की जिवंत काही उरत नाही.

साष्टीकर

इथे एक मुद्दा अडतो. तुम्ही सगळे तंतूंवर भर देताय. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट केले. आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी संबंधित १९ प्रथिनं घटली. तंतू वाढवलेल्या गटात सरसकट विविधता वाढलीच नाही. मग मुख्य भर आंबवलेल्यावर नको का?

सूक्ष्मदर्शी

तो प्रयोग काही आठवड्यांचा होता आणि त्यातले लोक वृद्ध नव्हते. तंतू पचवणाऱ्या जाती ज्याच्या पोटात आधीच कमी आहेत, त्याला एकदम खूप तंतू दिले तर लगेच फरक न दिसणं स्वाभाविक आहे. शिवाय त्यांनी दिवसाला सरासरी सहा वाढप आंबवलेले पदार्थ घेतले, चमचाभर दही नव्हे. मी दोन्ही घेईन: तंतू रोजचा पाया आणि दोन वेळा दही-ताक.

भारतातलंही एक काम ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २०१९ मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या लोकांची तुलना झाली. धान्य-डाळींवर जगणाऱ्या भोपाळकडच्या लोकांत प्रीव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर, तर मासे-मांस खाणाऱ्या केरळच्या लोकांत बॅक्टेरॉइडिस, रुमिनोकॉकस आणि फिकॅलिबॅक्टेरियम जास्त. आपलं मासे-भाताचं ताट केरळला जवळचं, तेव्हा उत्तरेतल्या किंवा युरोपातल्या माणसाच्या अहवालाशी आपलं पोट जुळवून बघण्यात अर्थ नाही.

तिरफळ

अहवालावरून आठवलं. घरबसल्या शौचाचा नमुना पाठवायची किट घ्यावीत का? पंधरा-वीस हजारांपर्यंत सांगतात म्हणे.

सूक्ष्मदर्शी

नको. एकच नमुना दोन प्रयोगशाळांत वेगळा निघू शकतो आणि 'निरोगी' म्हणजे नेमकं कोणतं मिश्रण, हे ठरलेलं नाही. २०२१ मध्ये १८ ते १०१ वयाच्या ९,००० हून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. निरोगी वृद्धांत प्रत्येकाचं मिश्रण वयाबरोबर इतरांहून अधिकाधिक वेगळं होत गेलेलं दिसलं. ज्यांचं तसं झालं नाही आणि बॅक्टेरॉइडिसच वरचढ राहिले, अशा वृद्धांची चार वर्षांत जगण्याची शक्यता कमी होती. चांगली म्हातारी पोटं एकमेकांसारखी नसतात, मग अहवालातल्या 'आदर्श' पट्टीला काय अर्थ उरला? त्या पैशांत वर्षभराची कडधान्यं आणि फळं येतील.

औषधवाला

ताटाबरोबर गोळ्यांचा डबाही बघायला हवा. वृद्धांच्या पोटातल्या जिवाणूंवर औषधांचा परिणाम फार मोठा असतो.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दहा दिवसांसाठी दिलेल्या असतात आणि दहा वर्षं चालू राहतात. जठरातलं आम्ल कमी झालं की तोंडातले जिवाणू आतड्यात पोचून टिकतात, क्लोस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांचा धोका वाढतो, ब-१२ कमी होतं. पण एकदम बंद करू नका. आम्ल उसळून दुप्पट जळजळ होते आणि अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर जठराला त्या संरक्षणाची गरज असते. डॉक्टरांना एवढंच विचारा: "ही अजून लागते का? हळूहळू कमी करता येईल का?"

मेटफॉर्मिननेही जिवाणू बदलतात, श्लेष्मावर जगणारा अकरमॅन्सिया हा जिवाणू वाढतो. सुरुवातीचे गॅस आणि पातळ शौच काही अंशी त्यामुळेच असावेत. ज्या आठवड्यात मेटफॉर्मिन सुरू झालं किंवा वाढवलं, त्याच आठवड्यात अळसांदे सुरू करू नका. नाहीतर बिचाऱ्या अळसांद्यांवर आळ येतो.

आणि अँटिबायोटिक. २०१८ च्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना तीन अँटिबायोटिक्स चार दिवस दिली. दीड महिन्यात बहुतांश जिवाणू परतले, पण नऊ सर्वसामान्य जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. हे तरुणांचं. सर्दीला किंवा साध्या जुलाबाला फार्मसीतून परस्पर गोळ्या घेणं थांबवा. वेष्टनावरची लाल रेघ त्यासाठीच आहे.

शिंपले

अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिकची कॅप्सूल देतात ती?

औषधवाला

क्लोस्ट्रिडियॉइडिसचा धोका असलेल्यांना काही ठरावीक जाती उपयोगी ठरू शकतात, ते डॉक्टर ठरवतील. कोर्स संपल्यावर 'पोट सुधारायला' महिनाभर घेण्याबाबत मात्र २०१८ च्या इस्रायलमधल्या प्रयोगात उलटं दिसलं: कॅप्सूल घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू परतायला काही न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

खाजन

चेपणीच्या तोरांचं (मिठात मुरवलेल्या कैऱ्यांचं) कोणी बोललं नाही. पेजेबरोबर तीच तर लागतात.

अळसांदे

चवीपुरती खावीत. १५ टक्क्यांच्या पुढच्या मिठात दह्या-ताकाचे जिवाणू फारसे वाढत नाहीत, आणि २० ग्रॅमच्या फोडीतून तीन ग्रॅम मीठ जातं. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. खाऱ्या सुक्या मासळीचंही तसंच.

आंबवलेली भाजी करायची तर मीठ कमी ठेवा. गाजर, मुळा, कोबी बारीक किसून, भाजी आणि पाणी मिळून वजनाच्या अडीच टक्के मीठ, म्हणजे एक किलोला २५ ग्रॅम. काचेच्या बरणीत भाजी पाण्याखाली दाबून ठेवा, वर वजन. आपल्या हवेत तीन-चार दिवसांत आंबते. आम्लतेच्या (pH) पट्टीवरचा आकडा ४ च्या खाली आला की फ्रिजमध्ये. वर पांढरा सपाट पापुद्रा आला तर काढून टाका. लव असलेली हिरवी-काळी बुरशी दिसली तर बरणीच रिकामी करा. ५० ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅम मीठ जातं, ते जेवणातून वजा करा. केमोथेरपी किंवा प्रत्यारोपणाची औषधं चालू असलेल्यांनी अशी घरगुती आंबवणं टाळावीत.

साष्टीकर

अजून एक आक्षेप, आणि हा मला महत्त्वाचा वाटतो. वृद्धांना भूक कमी असते. तंतूंनी पोट भरलं तर मासळी मागे पडते. स्नायू टिकवायला वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. अळसांदे खाऊन वजन उतरलं तर जिवाणू खूश होऊन काय उपयोग?

अळसांदे

अगदी बरोबर, म्हणून वाढण्याचा क्रम ठरवावा. आधी बांगडा किंवा अंडं, मग कडधान्य, मग भाजी, भात शेवटी. १०० ग्रॅम बांगड्यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. काटे काढून कालवणात कुस्करा. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर बघा. महिन्यात दोन किलोहून जास्त उतरलं तर तंतू वाढवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

कुळागर

फार उपयोगी माहिती जमली. आता मूळ प्रश्नाकडे: १० ग्रॅमवर असलेल्या माणसाला २६ वर किती दिवसांत आणावं? एकदम केलं तर दुसऱ्याच दिवशी "पोट फुगलं, बंद करा" होतं आणि पुन्हा पेज.

अळसांदे

आठवड्याला तीन-चार ग्रॅमच. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या ताटात फक्त न गाळलेल्या नाचणीच्या तिजानाची भर. दुसऱ्यात अख्खे मूग घोटून, दोन मोठे चमचे, हिंग-जिऱ्याची फोडणी. तिसऱ्यात तांबडी भाजी रोज. चौथ्यात पांढऱ्याऐवजी उकडा आणि वाटलेला नारळ. अळसांदे पाचव्यात, तेही एक दिवसाआड. गॅस वाढला तर मागच्या आठवड्याच्या पायरीवर चार दिवस थांबा, सगळं बंद करू नका. जिवाणूंना जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. पाणी वाढवल्याशिवाय तंतू वाढवलेत तर मलावरोध वाढतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलं असेल तर आधी विचारा. संध्याकाळी अंगणात वीस मिनिटं चालणं हवंच, आतडं त्याने हलतं.

शौच ब्रिस्टल तक्त्यातल्या (घट्ट ते पातळ शौचाचे प्रकार दाखवणाऱ्या) तिसऱ्या-चौथ्या प्रकारचं झालं की ताट बसलं असं समजा. रक्त दिसलं, विनाकारण वजन उतरलं किंवा शौचाची सवय अचानक बदलली तर ताटाचे प्रयोग बाजूला ठेवून तपासणी.

तिरफळ

आणि इसबगोल? सगळ्यांच्या कपाटात असतं.

औषधवाला

मलावरोधाला उत्तम, पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत, तेव्हा कडधान्यांची जागा ते घेणार नाही. एक चमचा, २०० मिली पाण्यात कालवून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला. कोरडं किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतलं तर घशात फुगून अडकतं. गिळायला त्रास असलेल्यांना, पक्षाघात झालेल्यांना देऊच नका. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास.

कुळागर

शेवटचं एक. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर हेच ताट चालेल का?

अळसांदे

जसंच्या तसं नाही. केळी, नारळपाणी, कडधान्यं, पालेभाज्या यांत पोटॅशियम जास्त. रक्तातलं पोटॅशियम तपासून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या, प्रथिनांचंही. परवानगी मिळाली तर भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, कडधान्यांचंही भिजवलेलं आणि पहिलं उकळलेलं पाणी टाका. आणि रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका, पण रोज साधारण तेवढीच ठेवा. एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा निर्देशक) डळमळतो.